हॅरिस ट्वीडच्या तुकड्यांची गोधडी: नऊपैकी तीन चौकोन आकसले

वाईची_मृणाल
१२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. शिवणकामाचे धागे मी आजवर नुसते वाचत आले, आज पहिल्यांदाच लिहितेय, कारण अडलंय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नेमकं काही सुचवता येणार नाही.

मी मूळची वाईची. तीन वर्षांपासून आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हर्नेसला राहतो. ऑगस्टमध्ये आईबाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन लुईस बेटावर गेलो. अलापूलहून स्टॉर्नवेला बोट जाते, अडीच-पावणेतीन तास लागतात. बेटाच्या पश्चिमेला एका विणकराच्या घरामागच्या शेडमध्ये माग चालू होता. आवाज रस्त्यापर्यंत येत होता. म्हातारे आजोबा सायकल मारावी तसे पायाने माग चालवत होते. वीज फक्त दिव्यापुरती. बाबा अर्धा तास तिथून हललेच नाहीत.

निघताना त्यांनी हॅरिस ट्वीडच्या, म्हणजे तिथल्या हातविणीच्या जाड लोकरी कापडाच्या, तुकड्यांची एक मोठी पिशवी दिली, अगदी थोड्या पैशांत. घरी येऊन वजन केलं तर साडेतीन किलो. तपकिरी, शेवाळी, समुद्राच्या पाण्यासारखा निळा, एक गडद जांभळा. मी एक तपकिरी दोरा उसवून दिव्याखाली त्याचा पीळ सोडला, तर आत नारिंगी, वांगी आणि हिरवट असे वेगवेगळे केस निघाले. तपकिरी असा केस त्यात एकही नव्हता! तेव्हाच ठरवलं की ह्याची आजीसाठी गोधडी करायची.

माझी आजी ८६ वर्षांची आहे. आमच्या घरातली प्रत्येक गोधडी तिच्या हातची. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिसतं बरं, पण बोटं थरथरतात, सुई धरवत नाही. कृष्णाकाठचा गारठा तिला सोसत नाही. ह्या हिवाळ्यात तिच्या अंगावर माझ्या हातची गोधडी असावी एवढीच इच्छा आहे.

आता काय बिघडलं ते. नमुना म्हणून सहा इंची नऊ चौकोन कापून जोडले. आत जुनी सुती चादर, खाली फ्लॅनेल, आणि आजीने शिकवला तसा कडेकडेने आत जाणारा धावदोरा. दोन सुया मोडल्या. बोटाला फोड आली. दोरा ओढला की तो कापडात रुतून बसतो, टाका दिसतच नाही. शिवाय नऊपैकी तीन तुकड्यांना मशीनच्या तेलासारखा वास येत होता, म्हणून सगळा नमुना कोमट पाण्यात साबण लावून चोळून धुतला. वाळल्यावर ते तीन चौकोन आकसून साडेपाच इंचांच्याही आत गेलेत आणि जाड झालेत. बाकीचे सहा जसेच्या तसे. मधोमध सगळं पापडासारखं वाकडंतिकडं झालंय.

माझे प्रश्न: तीनच का आकसले? पोटात काय घालू? आणि धावदोऱ्याशिवाय गोधडी होते का?


पेठेतली_सई
१२ ऑक्टोबर, रात्री १०.१५

मृणाल, आजीसाठी करतेयस हे वाचूनच छान वाटलं. ट्वीडच्या शिवणाचं मला कळत नाही, पण धुण्याचा अनुभव सांगते. सासऱ्यांचा ट्वीडचा कोट होता, इंग्लंडहून आणलेला. इथल्या एका लाँड्रीत टाकला. त्यांनी उलटा न करता सरळ बाजूवरून गरम इस्त्री दाबून फिरवली. कोपरांवर आणि पाठीवर चकाकी आली ती कायमची. सासरे काही बोलले नाहीत, पण तो कोट पुन्हा त्यांनी घातला नाही. तेव्हा इस्त्री जपून.


धोटा
१३ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

मृणाल, तू तुझ्या प्रश्नातच उत्तर लिहून ठेवलंयस: "मशीनच्या तेलासारखा वास".

आधी माझी ओळख देते, म्हणजे मी कशाच्या जोरावर बोलतेय ते कळेल. मी सोलापूरची. वडील मागावर होते, चादरी विणायचे. कांडी भरणं, तुटलेला धागा सांधणं ही कामं मी शाळेच्या आधी करत असे. लग्न होऊन ग्लासगोला आले त्याला २२ वर्षं झाली. दर गुरुवारी इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये बायकांना शिवण शिकवते, आणि ट्वीडच्या गोधड्या मी आजवर अकरा केल्यात. पहिल्या दोन बिघडल्या होत्या.

तुझे तीन तुकडे आकसले कारण ते अजून पुरतं कापड झालेलेच नव्हते. लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांची लोकर मिसळून पिंजतात आणि मग सूत कातलं जातं. (म्हणूनच तुझ्या तपकिरी दोऱ्यात तपकिरी केस नव्हता. रंगाची सगळी करामत सूत व्हायच्या आधीच उरकलेली असते.) सूत तुटू नये म्हणून त्याला तेल असतं. गिरणीतून ते विणकराच्या घरी येतं, तो विणतो, आणि विणलेला तागा तसाच तेलकट, खरखरीत, जरा विरळ असा गिरणीत परत जातो. तिथे आधी तुटके धागे भरतात, मग तो धुतात, बडवतात, वाळवून ताणतात. ह्या धुण्याबडवण्यात कापड आकसतं, दाट होतं, अंगाला मऊ लागतं. तू जे दुकानात बघतेस ते ह्या सगळ्यानंतरचं.

तुझ्या पिशवीत दोन्ही प्रकारचे तुकडे आलेत. मागावरून थेट कापलेली टोकं आणि पक्कं कापड. ते जे काम गिरणीत व्हायचं होतं ते तू तुझ्या बेसिनमध्ये केलंस, तेही पक्क्या कापडाला शिवून झाल्यावर.

पूर्वी हे काम बायका करायच्या. लांब लाकडी फळीभोवती समोरासमोर बसायच्या, ओला तागा फळीवर आपटत, दाबत, एकीकडून दुसरीकडे सरकवत राहायच्या. त्याला तिथल्या गेलिक भाषेत लुअघ म्हणतात. सोबत गाणं. एक बाई ओळ म्हणणार, बाकीच्या ध्रुपद धरणार, आणि कापड आपटण्याचा ठेका तोच गाण्याचा ठेका. मी त्याचं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या आईची आई डोळ्यांसमोर आली, जात्याशी बसलेली. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. कापड भिजवायला तेव्हा साठवलेलं मूत्र वापरत, त्यातल्या अमोनियाने तेल सुटतं आणि रंग पक्का होतो. आपण साबण वापरू!

आता कर काय. पिशवीतले सगळे तुकडे दिवसाउजेडी काढ. एकेक हातात चुरगाळ, नाकाशी धर. तेलाचा वास, चिकटसर स्पर्श, विण मोकळी आणि उजेडासमोर धरल्यावर भोकं दिसतील असे सगळे तुकडे बाजूला. ते कोमट पाण्यात थोडा साबण घालून हाताने मळ, कणीक मळतो तसे, दहा-पंधरा मिनिटं. पाणी पिवळट होईल, ते बदल. मग खळबळून, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब, पिळू नकोस, आणि पसरून वाळव. ते आकसायचे तेवढे आकसू देत. मगच कापायला घे. पक्क्या तुकड्यांना फक्त वाफ दे. ओलं सुती फडकं वर ठेव आणि इस्त्री टेकव, उचल, पुढे टेकव. फिरवायची नाही. सई म्हणतात ते अगदी खरं, चकाकी आली की गेली नाही.

चौकोन सहा इंची नको. आठ इंची घे, दहा चालतील. एवढ्या जाड कापडात जितके सांधे जास्त तितकी गोधडी ताठ. चार चौकोन जिथे एकत्र येतात तिथे आठ पदर होतात, बोटाने चाचपून बघ, सुपारीएवढी गाठ लागेल. म्हणून शिवण दोन बाजूंना उलगडून दाबायची, एका बाजूला पाडायची नाही. वाफ दिली की लगेच त्यावर जड सपाट लाकूड दाबून धर, थंड होईपर्यंत. मी पालथा पोळपाट वापरते. लाकूड वाफ शोषतं आणि शिवण चपटी बसते.

जोडायच्या आधी कडांना झिगझॅग मार, कारण हे कापड भराभर उसवतं. शिवण दीड सेंटीमीटर सोड, अर्धा इंच कमी पडतो. मशीनला शंभर नंबरची सुई, टाका साडेतीन मिलिमीटर, वरच्या दाबपट्टीचा दाब हलका, आणि दोरा पॉलिएस्टर. सुती दोरा ट्वीडमध्ये घासून तुटतो.

पोटात काय? काही नको. माझं ह्यावर ठाम मत आहे. ट्वीड स्वतःच पोट आहे. मी पहिल्या गोधडीत लोकरीची जाड भरण घातली होती, ती पाच किलो झाली, अंगावर घेतली तर कूस बदलता येईना. तुझी आजी ८६ वर्षांची, तिला ओझं नको, ऊब हवी. दीड मीटर बाय दोन मीटरची गोधडी धर. वरचं ट्वीड शिवणींसकट सव्वा-दीड किलो होईल, खाली मऊ सुती कापड अर्धा किलो. दोन किलोत गोधडी, आणि पार्सललाही परवडेल.

खाली मात्र दुकानातलं फ्लॅनेल घालू नकोस, आजीच्या वापरातलं लुगडं घाल. घरी विचार. धुऊन धुऊन मऊ झालेलं इरकल असेल तर उत्तमच. ट्वीड टोचतं, म्हाताऱ्या माणसाच्या कातडीला जास्तच टोचतं, आणि ज्या कापडाची तिच्या अंगाला पन्नास वर्षं सवय आहे तेच अंगाला लागलेलं बरं.

राहिला धावदोरा. मृणाल, तो सोड. आजीने शिकवलेला आहे म्हणून जीवावर येईल हे मला कळतं. पण तो टाका मऊ लुगड्यांच्या पदरांसाठी जन्माला आला. तिथे तो दिसतो, त्याची सळ पडते, त्याने कापडाला अंग येतं. ट्वीडमध्ये तो बुडतो आणि बोटं फोडतो. गादीवाला गादीला टाके कसे मारतो ते आठव. दाभण आरपार, परत वर, आणि गाठ. तसंच करायचं. जाड लोकरीचा दोरा, लांब सुई, बोटात अंगुस्तान, दर चार-पाच इंचांवर एक टाका, वर दुहेरी गाठ, टोकं अर्धा-पाऊण इंच सोडून कापायची. गाठी चौकोनांच्या मधोमध आणि सांध्यांवर. इथे ह्या जुन्या पद्धतीच्या गोधड्या खूप होत्या, शिंप्याकडच्या कोटाच्या नमुन्यांच्या तुकड्यांपासून केलेल्या. त्या टिकल्यात.


कागलचा_बाळ
१३ ऑक्टोबर, दुपारी १.३०

धोटाताई, मेहनतीने लिहिलंय, वाचून आनंद झाला. घोंगडीवाल्यांच्या बाजूने चार शब्द घालतो. आमच्या भागात सणगर मंडळी घोंगडी विणतात. दख्खनी मेंढीची काळी लोकर, धनगरांकडून येते. तीही आधी खरखरीतच असते, पण आपल्याकडे उलटी तऱ्हा. धुऊन मऊ करायच्या ऐवजी चिंचोक्याची खळ कुंच्याने लावून ताठ करतात, म्हणजे पाऊस वरच्या वर निथळतो. मेंढपाळाला रानात तेच हवं.

माझी आजी घोंगडी गरम पाण्यात घालू देत नसे. एकदा चुलत्यांनी न्हाणीच्या कढत पाण्यात बुडवून बडवली, ती अशी आटली की आडव्या माणसाचे पाय बाहेर! लोकरीला ऊन पाणी आणि मार एकत्र मिळाला की ती दाटणारच. जेन (लोकरीचं जाड अंथरूण) ह्याच गुणावर होते, न विणता, लोकर पसरून पाण्या-साबणात मळून. मृणालताईंच्या चौकोनांचं तेच झालं.

तुमच्या गोधडीचा फोटो टाका ताई, इथल्या विणकरांना दाखवतो.


वाईची_मृणाल
१५ ऑक्टोबर, रात्री ११.०५

धोटाताई, तुम्ही लिहिलेलं मी तीनदा वाचलं, दुसऱ्यांदा वहीत उतरवून घेत. काल पिशवी पालथी केली. साडेतीन किलोतले जवळपास ९०० ग्रॅम तुकडे तेलकट निघाले! उजेडासमोर धरले की खरंच जाळी दिसते. मळायला घेतले तर पाणी चहासारखं झालं. वाळल्यावर तोच तुकडा हातात घेतला तर विश्वास बसेना, आधी गोणपाट होता, आता मांजराच्या पाठीसारखा.

आईला लुगड्याचं विचारलं. आजीचं एक इरकल ट्रंकेत आहे, विटकरी, काठ झिजलेले. आजी म्हणाली, "ते फाटकं कशाला, नवं घे." आईने न सांगता कुरिअर केलं.

बाळभाऊ, आजोबांची घोंगडी आमच्या माळ्यावर होती, तुम्ही लिहिलंत तेव्हा तिचा वास आठवला.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या होत्या. उरलेल्या तुकड्यांच्या इथल्या मैत्रिणींसाठी दिवाळीच्या भेटवस्तू करायच्या आहेत, फराळाच्या डब्यासोबत द्यायला. एक बटवा करून बघितला, नाडी ओढली तर तोंडच मिटत नाही, कापड गोळा होतं. आणि दुसरं, आजोबांनी पिशवीत काही लेबलं टाकली नव्हती. ती विकत मिळतात का? मिळाली तर भेटवस्तूंना लावीन म्हणते.


धोटा
१६ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

लेबलाचं आधी, कारण तिथे चूक नको.

ते गोलावर क्रॉस असलेलं चिन्ह, ऑर्ब म्हणतात त्याला. १९११ पासून ह्या कापडावर तो शिक्का मारला जातो. आणि ब्रिटनच्या संसदेने ह्या एका कापडासाठी १९९३ साली वेगळा कायदा केला. त्यात व्याख्या आहे: आऊटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेली आणि कातलेली शुद्ध नवी लोकर, बेटांवरच्या माणसांनी स्वतःच्या घरी हाताने विणलेली, आणि शेवटचं धुणंसवरणंही बेटांवरच झालेलं. लुईस, हॅरिस, यूस्ट, बॅरा, ही सगळी बेटं त्यात येतात. घरी विणलेलं हा शब्द महत्त्वाचा. माग कारखान्यात रांगेने उभे केले तर ते हॅरिस ट्वीड नाही, मग कापड कितीही चांगलं असो. माझे वडील हे ऐकून गप्प झाले होते. आमच्या डोळ्यांदेखत सोलापुरातले घरचे माग बंद पडले, आणि इथे ते घरात ठेवण्यासाठी कायदा.

लेबल सुटं विकत मिळत नाही. प्रत्येकावर क्रमांक असतो आणि ते पक्क्या, शिक्का बसलेल्या कापडासोबत मिळतं. तुझे तेलकट तुकडे तू स्वतः बेसिनमध्ये मळलेस, म्हणजे व्याख्येतली शेवटची पायरी इन्व्हर्नेसला झाली. त्यांना ते नाव लावता येणार नाही. ते गोधडीसाठी ठेव, घरच्या माणसाला लेबलाचं काय! भेटवस्तूंना पक्के तुकडे वापर, लेबल न लावता दे, आणि तोंडी सांग कुठून आणलंस ते.

बटव्याचं सोपं आहे. ट्वीडमध्ये नाडी ओवायचीच नाही. बटव्याचं पोट ट्वीडचं, आणि वर चार बोटं पातळ सुती कापडाची पट्टी जोडून नाडी त्यात घाल. खणाच्या कापडाची पट्टी लावून बघ, खणाचे काठ आणि शेवाळी ट्वीड एकमेकांना फार शोभतात. आत अस्तर हवंच, नाहीतर नाण्यांना लोकर चिकटते. मऊ, जाड, सरळ कापडाच्या सरळ वस्तू कर: चष्म्याचं घर, चहाच्या कपाखालचे चौकोन, गरम पाण्याच्या पिशवीचं कव्हर. इथल्या माणसाला कव्हर सगळ्यात जास्त आवडेल, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रोज हातात राहतं. अगदी लहान चिंध्यांच्या टाचण्यांच्या उश्या कर, आत लोकरीच्याच कातरणी भर. लोकरीतल्या तेलाने टाचण्या गंजत नाहीत.

एक सांगते, कुणी नव्या बाळासाठी भेट म्हणून गोधडी मागितली तर दे, पण जमिनीवर खेळायला अंथरायची म्हणून दे. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना अंगावर गोधडी घालू नये असं इथल्या नर्सबाई सांगतात, आणि ते पाळायचं.

आणि कसर! विसरलेच होते. गोधडी पाठवण्याआधी बंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेव. साडेतीन किलो तुकडे शेडमध्ये किती दिवस पडून होते कोण जाणे. वाईला पोचल्यावर उन्हाळ्यात ठेवताना आईला सांग, ऊन दाखवायचं, झटकायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून घडीत ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायची नाही. धुवायची वेळ फार येणार नाही. आलीच तर थंड पाणी, न चोळता.


पेठेतली_सई
१६ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

खणाची पट्टी ही कल्पना मी घेतली. माझ्याकडे त्या कोटाचं कापड अजून आहे. बाह्या आणि पुढचा भाग चांगलाय, चकाकी फक्त कोपरांना आणि पाठीला. दोन्ही नणंदांना चष्म्याची घरं करून देते. सासरे गेले त्याला चार वर्षं झाली.


वाईची_मृणाल
२९ नोव्हेंबर, रात्री ८.१५

मंडळी, झाली. फोटो खाली लावते आहे.

आकडे आधी, पुढच्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून. आठ इंची चौकोन, आडवे सात, उभे दहा, एकूण सत्तर. शिवणी गेल्यावर चौकोन पावणेसात इंचाचा उरतो, म्हणजे गोधडी जवळजवळ चार फूट बाय साडेपाच फूट भरली. आजी ठेंगणी आहे, तिला पुरते. वजन एक किलो सातशे. भरण नाही. खाली इरकल, काठ जिथे बरे होते ते वळवून चारी बाजूंनी किनार केली. गाठी २२४, समुद्री निळ्या लोकरीच्या. मी चौकोनांच्या मध्यावर, आतल्या सांध्यांवर आणि किनारीलगत अशा मारल्या. सुई एकही मोडली नाही. जांभळा रंग कमी होता, त्याचे चारच चौकोन निघाले, ते मी उशाकडच्या ओळीत एकाआड एक लावले.

शिवताना मशीनच्या फराफरा आवाजात मला सारखा त्या शेडमधला माग ऐकू यायचा. आजोबांनी सांगितलं होतं की रविवारी माग बंद, त्या दिवशी बेटावर कामच करत नाहीत. मीही रविवारी गोधडीला हात लावला नाही. का ते नवऱ्यालाही नीट सांगता आलं नाही, पण तसं करावंसं वाटलं.

तीन आकसलेले चौकोन मी टाकले नाहीत. ते उसवून त्यांचं आईसाठी गरम पाण्याच्या छोट्या पिशवीचं कव्हर झालं. कापड दोनपदरी घ्यावं लागत नाही इतकं जाड झालंय.

काल व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवली. मी सरळ बाजू धरून उभी, आणि ती म्हणते, "उलटी कर." उलटी केली तर लुगडं लगेच ओळखलं. आईकडे बघून म्हणाली, "हे तूच पाठवलंस." मग फोन नाकाशी धरून बराच वेळ गाठी बघत बसली. धावदोरा नाही हे सांगायला मी बिचकत होते, तिनेच विचारलं. धोटाताईंनी लिहिलं होतं ते सगळं सांगितलं, गादीवाल्याचंही. म्हणाली, "बरोबर आहे, जाड्याला गाठच." आणि मग, "पायथ्याकडून तिसऱ्या ओळीत एक राहिलीय बघ, डावीकडून चौथी."

खरंच राहिली होती. ती मारून घेतली, आता २२५. आज संध्याकाळी फ्रीजरमध्ये ठेवलीय, मटारच्या पिशव्या शेजारणीकडे ठेवायला दिल्या. १३ डिसेंबरला बाहेर काढून पार्सल करते. ताई, फ्रीजरमधून काढल्यावर लगेच बांधू का, की आधी पसरून ठेवू?


धोटा
२९ नोव्हेंबर, रात्री १०.३०

पिशवी न उघडता आधी एक दिवस खोलीत राहू दे, नाहीतर हवेतलं पाणी थंड लोकरीवर बसतं. मग उघडून दोन दिवस दोरीवर. त्यानंतर बांध. सुती कापडात गुंडाळून मगच बाहेरचं प्लास्टिक.

किनार फार सुरेख वळवलीयस. कोपऱ्यांचा जवळून एक फोटो टाक, गुरुवारी बायकांना दाखवायचाय.